जुनी स्पीकर-जोडी भंगारात देण्याआधी

आपल्या उपनगरांत सध्या एक दृश्य वरचेवर दिसतं. चाळीस-पन्नास वर्षं जुन्या सोसायटीचा पुनर्विकास ठरतो, भाड्याच्या घरात जायची तारीख ठरते आणि पोटमाळे रिकामे होऊ लागतात. पितळेची भांडी नातेवाइकांकडे जातात, शिलाईचं मशीन कुणीतरी मागून नेतं आणि जिन्याखाली उरतात दोन लाकडी खोकी. पुढे काळं कापड, मागे लाल-काळे खटके. वाजत नाहीत, जड आहेत, नव्या घरात जागा नाही. भंगारवाला ती किलोच्या भावाने उचलतो, कारण त्याच्या लेखी त्यात थोडं लोखंड आणि थोडं तांबं असतं.

मुलुंडच्या आमच्या घरात मी गेल्या काही वर्षांत अशा बऱ्याच जोड्या उघडल्या. अनुभव असा, की ‘मेलेला’ म्हणून दिलेला स्पीकर क्वचितच खरोखर मेलेला असतो. कोनाच्या कडेचा फोम कुजलेला असतो, आतला एखादा कपॅसिटर उतरलेला असतो, किंवा खटक्यावर इतका गंज चढलेला असतो की करंट आतपर्यंत पोचत नाही. या तिन्ही गोष्टी घरच्या टेबलावर, दोन-तीन रविवारांत नीट करता येतात. काम करताना एकच गोष्ट मनाशी पक्की धरा: जे बिघडलंय तेवढंच दुरुस्त करायचं. चांगल्या चालणाऱ्या भागाला ‘आणखी चांगला’ करायला गेलात तर त्या जोडीचा मूळ आवाज हातचा जाईल, आणि तो परत आणता येत नाही.

नवशिक्यासाठी हा छंद सुरक्षितही आहे. साध्या स्पीकरच्या पेटीत विजेची थेट जोडणी नसते. अ‍ॅम्प्लिफायर किंवा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ उघडणं ही वेगळी गोष्ट. त्यातले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतात, तिथे जाणकाराशिवाय हात घालू नये. स्पीकरच्या पेटीत जपायचं ते फुप्फुसांना. आत भरलेली पिवळी किंवा गुलाबी काचेची लोकर असेल तर मास्क आणि हातमोजे घालूनच ती बाहेर काढा.

आपल्याकडे सापडणाऱ्या जोड्या साधारण दोन प्रकारच्या असतात. 1970 आणि 80च्या दशकांत परदेशी वस्तूंवर कडक निर्बंध आणि भारी जकात होती, त्यामुळे घरोघरी देशी स्टिरिओ आले. 1970 साली कोलकात्यात सुरू झालेली सोनोडाइन, तसंच कॉस्मिक, नॉर्ज, फिलिप्स, बुश ही नावं त्या वेळच्या दिवाणखान्यांत असत. दुसरा प्रकार म्हणजे आखातात नोकरीला गेलेल्या काका-मामांनी आणलेले जपानी सेट: सोनी, पायोनिअर, आकाई, टेक्निक्स. देशी पेट्यांमधल्या बऱ्याच स्पीकरची कड घडीच्या कापडाची किंवा कागदाचीच असते. तिच्यावर काळपट, किंचित चिकट लेप असतो आणि ती अजून शाबूत असते. बाहेरच्या अनेक स्पीकरना मात्र पॉलियुरेथेन फोमची रिंग असते. हा फोम हवेतल्या दमटपणाने आणि प्राणवायूने हळूहळू तुटतो. सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा इथल्या माळ्यावर त्या फोमचं काय होणार हे वेगळं सांगायला नको.

हे कळायला स्पीकरचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. लोहचुंबकाच्या बारीक फटीत तांब्याच्या तारेची कॉइल लोंबत असते. करंट बदलला की कॉइल पुढे-मागे होते, तिला जोडलेला कागदाचा कोन हवा ढकलतो आणि आवाज होतो. राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी 1925 साली ही रचना मांडली. आजही बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर बनतात. कडेची रिंग आणि आतली नक्षीदार पिवळी-तपकिरी जाळी मिळून त्या कॉइलला फटीच्या बरोबर मधोमध धरून ठेवतात. रिंग गेली की कॉइल एका बाजूला कलते आणि चुंबकाला घासते. तशाच अवस्थेत जोरात वाजवलं तर तारेवरचा लेप खरवडला जातो आणि स्पीकर मग मात्र खरोखर मरतो. म्हणून पहिला नियम: माळ्यावरून काढलेली जोडी लगेच अ‍ॅम्प्लिफायरला लावून ‘वाजतेय का’ बघू नका.

त्याऐवजी टॉर्चमध्ये घालतात तो दीड व्होल्टचा साधा सेल घ्या. पेटीच्या मागच्या लाल खटक्याला सेलचं अधिक टोक आणि काळ्याला उणे टोक, क्षणभरच टेकवा. ‘टक’ असा आवाज आला आणि मोठा कोन बाहेरच्या बाजूला हलला, तर वूफरची, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची, कॉइल जिवंत आहे आणि जोडणी बरोबर आहे. कोन आत गेला तर कुणीतरी आधी पेटी उघडून तारा उलट्या जोडल्या आहेत. जोडीतला एक कोन बाहेर आणि दुसरा आत जात असेल तर दोन्हींचा खर्जातला आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. ‘आवाज बारीक येतो’ म्हणून टाकून दिलेल्या काही जोड्यांत मला एवढाच दोष सापडला आहे, आणि तो काढायला दोन तारांची अदलाबदल पुरली.

पुढे मल्टिमीटर. त्याच दोन खटक्यांवर ओहम मोजा. मागे 8 ओहम लिहिलं असेल तर मीटर साधारण साडेपाच ते सात दाखवेल, 4 ओहमच्या पेटीला तीन-साडेतीन. हे बरोबरच आहे. पेटीवर लिहिलेला आकडा चालू आवाजातल्या विरोधाचा असतो आणि मीटर फक्त तारेचा विरोध मोजतो. मात्र हा आकडा एकट्या वूफरचा आहे हे ध्यानात ठेवा. ट्वीटरच्या, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, वाटेत कपॅसिटर असतो, तो मीटरचा करंट अडवतो, त्यामुळे ट्वीटर तपासायला पेटी उघडावीच लागते. आकडा अजिबात आला नाही तर लगेच निराश होऊ नका. खटक्यावर हिरवट-पांढरा थर दिसतोय का बघा, बारीक पॉलिश पेपरने घासा आणि पुन्हा मोजा.

तिसरी तपासणी हाताची. दोन्ही हातांचे अंगठे आणि पुढची बोटं कोनाच्या मध्याभोवती सारख्या अंतरावर ठेवा, सगळीकडून सारखा हलका दाब देऊन कोन थोडा आत ढकला, सोडा. कान जवळ ठेवा. खसखस ऐकू आली तर कॉइल घासतेय. पूर्ण बंद पेटी असेल तर आणखी एक गोष्ट कळते. ढकललेला वूफर सावकाश, जणू हवेच्या उशीवरून परत यावा. लगेच टणकन परतला तर पेटी कुठूनतरी गळतेय. बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरण्याची कल्पना एडगर विल्चर यांची; त्यांच्या अकौस्टिक रिसर्च कंपनीने 1954 साली त्यावर पहिला स्पीकर काढला आणि घरात मावेल एवढ्या खोक्यातून खर्ज काढून दाखवला. अशा पेटीत सांध्यातली बारीक फटसुद्धा आवाज बिघडवते.

आता उघडा. टेबलावर जुनी चादर पसरा, पेटी पाठीवर निजवा आणि स्क्रू सैल करा; तारा सुट्या करण्याआधी प्रत्येक तार कुठे आहे त्याचे मोबाइलवर फोटो काढा. चारही स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे आळीपाळीने. इथे एक धोका आहे, तो आधी सांगतो. वूफरचं चुंबक लोखंडी स्क्रूड्रायव्हरला इतक्या जोराने ओढतं की हात निसटला तर टोक सरळ कोनातून आरपार जातं. डाव्या हाताचा तळवा कोन आणि स्क्रूड्रायव्हर यांच्या मध्ये आडवा धरून काम करा. काढलेला स्पीकर चुंबकावर बसवून ठेवा, कधीही कोनावर पालथा घालू नका. चुंबक मात्र कधी सुटं करू नका. जुन्या अल्निको जातीचं चुंबक उघडलं की त्याची ताकद घटते, आणि पुन्हा चुंबकित करण्याची यंत्रणा घरात नसते.

पेटीच्या आत काय सापडेल सांगता येत नाही. ज्या पेट्यांना पुढे हवेचं गोल भोक असतं, त्यांत वाळलेली पाल, झुरळांची अंडी, कागदाच्या कोनाची कड कुरतडलेली, असं बरंच काही असतं. घाटकोपरच्या एका तळमजल्यावरून आलेल्या पेटीत मला आतल्या चारही भिंतींवर, तळापासून वीतभर उंचीवर, एक सरळ तपकिरी रेघ दिसली. घरच्यांना विचारलं तेव्हा कळलं, ती 26 जुलै 2005च्या पाण्याची. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्या घरात गुडघाभर पाणी होतं. खालची फळी भुशाची असल्याने बिस्किटासारखी फुगून सुटली होती, पण वूफर रेघेच्या वर असल्याने वाचला होता. आता रिंगकडे वळू. फोम कुजलाय की नाही हे बघायला बोटाचं टोक हलकेच लावा. चांगला फोम दबतो आणि परत वर येतो. कुजलेला बोटाला काळ्या डांबरासारखा चिकटतो किंवा भुकटी होऊन पडतो.

फोम बदलणं हे या सगळ्यातलं सर्वात मन लावून करायचं आणि सर्वात समाधान देणारं काम आहे. नवी रिंग मागवताना ‘आठ इंची’, ‘दहा इंची’ एवढ्यावर जाऊ नका. फ्रेमची आतली कड, कोनाचा व्यास, रिंगच्या फुगीर भागाची रुंदी आणि चिकटायच्या पट्टीची रुंदी ही मापं मिलिमीटरमध्ये घ्या आणि विकणाऱ्याला चारही कळवा. जुनी रिंग कोनाच्या वरून चिकटवली होती की खालून, तेही लिहून ठेवा, कारण नवीही तशीच बसवायची. दोन्ही पेट्यांच्या रिंगा एकदमच बदला. एक जुनी आणि एक नवी राहिली तर डाव्या-उजव्या बाजूंचा खर्ज जुळत नाही.

जुना फोम आणि वाळलेला गोंद काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या वापरा. कागदाच्या कोनावर ते ओतायचं नाही. काडी ओलसर करून इंच-दीड इंच भाग भिजवायचा, मिनिटभर थांबायचं, नखाने किंवा लाकडी चमच्याच्या दांड्याने हलकेच खरवडायचं, मग पुढचा भाग. एका कोनाला दीड तास लागला तर तो लागू द्या. घाई करून कोनाची कड फाटली तर पातळ टिश्यू पेपर आणि गोंदाने मागून ठिगळ लावता येतं, पण ठिगळाने कोन त्या जागी जड होतो.

गोंदाबद्दल माझं मत ठाम आहे. रिंगसाठी सावकाश सुकणारा पांढरा गोंदच घ्यावा, शक्यतो ओल सहन करणाऱ्या जातीचा. अंधेरीत कचेरी असलेल्या पिडिलाइटचा फेविकॉल 1959 पासून आपल्या सुतारांच्या हातात आहे. त्याच जातीचा गोंद इथे कामाला येतो. बरेच कारागीर पिवळा रबरी गोंद वापरतात. तो टिकतो जोरात, पण टेकताक्षणी धरतो, रिंग सरकवून मधोमध आणायला वेळच देत नाही. शिवाय त्यातला द्रावक काही फोमना खातो. सरावलेल्या हाताला तो चालेल, पहिल्या वेळी नको. फ्रेमची कड मात्र पॉलिश पेपरने खरखरीत करून पुसून घ्या, नाहीतर पांढरा गोंद गुळगुळीत रंगावर धरत नाही.

आधी कोरडंच लावून बघा. मग रिंग फक्त कोनाला चिकटवा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी फ्रेमच्या कडेला गोंदाचा पातळ थर द्या, रिंग त्यावर बसवा आणि आता खरी कसोटी येते, कॉइल मधोमध आणण्याची. त्यासाठी जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि मोबाइल पुरतो. मोबाइलवर सूर निर्माण करणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या, 30 हर्ट्झवर लावा, आवाज अगदी कमी ठेवा. कोन डोळ्यांना दिसेल असा आत-बाहेर करू लागेल. कान जवळ न्या. खसखस येत असेल तर रिंग बोटांनी एका बाजूला केसभर सरकवा, पुन्हा ऐका. एका जागी ती खसखस एकदम थांबते आणि फक्त हवेची हालचाल जाणवते. तिथेच थांबा, रिंगची कड सगळीकडून दाबा आणि कपड्यांचे चिमटे लावून टाका. वाळत घालायचे लाकडी चिमटे उत्तम, प्लॅस्टिकचे घट्ट चावतात. नंतर चोवीस तास हात लावायचा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम करत असाल तर अठ्ठेचाळीस तास धरा.

कॉइलच जळली असेल, म्हणजे वूफरवर थेट मोजूनही मीटर काहीच दाखवत नसेल, तर स्पीकर रिकोनिंगवाल्याकडे, म्हणजे कोन आणि कॉइल बदलून देणाऱ्याकडे, न्यावा लागेल. उपनगरांत असे कारागीर आहेत आणि त्यांचा हात चांगलाच बसलेला असतो. पण त्यांचं बरंचसं काम मंडळांच्या आणि डीजेच्या मोठ्या स्पीकरचं असतं, त्यामुळे विचारल्याशिवाय ते जाड, कडक कोन बसवून देऊ शकतात. घरातल्या संगीताच्या स्पीकरला हलका, मूळ मापाचा कोन आणि मूळ ओहमची कॉइलच हवी, हे कागदावर लिहून द्या. आणि गणपती-नवरात्राच्या आधीच्या महिन्यांत जाऊ नका. तेव्हा तुमच्या जोडीकडे निवांत बघायला त्यांना सवड नसते.

आता क्रॉसओव्हर. पेटीच्या मागच्या फळीवर छोटी पट्टी असते, तिच्यावर तारेचं वेटोळं, एक-दोन कपॅसिटर, कधी एखादा रेझिस्टर. खर्ज वूफरला आणि वरचे सूर ट्वीटरला पाठवणं हे तिचं काम. उदाहरण द्यायचं तर, 8 ओहमच्या ट्वीटरच्या वाटेत 4 मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर असेल तर साधारण 5000 हर्ट्झच्या खालचे सूर तो गाळू लागतो. जुन्या पेट्यांत बहुतेकदा अधिक-उणे नसलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. वर्षानुवर्षं पडून राहिले की त्यांचं मूल्य सरकतं, आतला विरोध वाढतो आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा दबका होतो. कपॅसिटरचं एक टोक सोल्डर काढून सुटं करा आणि मगच मोजा. पट्टीवर जोडलेला असताना मोजलेला आकडा खरा नसतो. लिहिलेल्या मूल्यापासून दहा टक्क्यांच्या आत असेल तर तो राहू द्या, त्याहून बाहेर गेला असेल तर दोन्ही पेट्यांचे बदला.

बदलताना मायक्रोफॅरड तेच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. पॉलिप्रॉपिलीन फिल्मचे कपॅसिटर मिळाले तर ते आयुष्यभर टिकतील, मात्र आकाराने मोठे असतात, पट्टीवर मावतात का बघा. फिल्मचा आतला विरोध अगदी कमी असल्याने ट्वीटर कधीकधी मूळपेक्षा टोचरा वाजतो. तसं झालं तर अर्धा-एक ओहमचा रेझिस्टर मालिकेत घातला की मूळ सूर परत येतो. इथेच लोक मोहात पडतात. ‘उघडलंच आहे तर भारी कपॅसिटर, भारी तार, नवा ट्वीटर घालू’ असं वाटतं. ज्या अभियंत्याने ती पेटी बनवली त्याने त्या कोनाचा, त्या खोक्याचा आणि त्या पट्टीचा मेळ बसवलेला होता. त्यातला एक भाग बदलला की उरलेले दोन बेसूर होतात. मागे ट्वीटरचा आवाज कमी-जास्त करायची गोल कळ असेल तर तिच्यात काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून ती वीसेक वेळा पूर्ण फिरवा. खरखर बहुधा तेवढ्याने जाते.

पेटीच्या लाकडाला ऋतू बघून हात लावा. इलेक्ट्रॉनिक काम पावसाळ्यात खुशाल करा, पण चपडा लाखेचं फ्रेंच पॉलिश दमट हवेत दुधाळ पांढरं पडतं, म्हणून ते दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करावं. जुन्या पेट्यांवरचं सागाचं विनिअर एक मिलिमीटरहूनही पातळ असतं. मशीनच्या सँडरने ते क्षणात फाटून खालचा भुसा दिसू लागतो. हाताने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आधी 240 आणि मग 320 नंबरचा पेपर. बुरशी आलेली असेल तर स्पिरिटच्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. कडक उन्हात ठेवलं की विनिअर उचलतं. उचललेल्या कडेखाली पांढरा गोंद बारीक सुरीने सरकवा, सुकू द्या आणि मग सुती कापड मध्ये घालून मंद गरम इस्त्री फिरवा. गोंद उष्णतेने पुन्हा मऊ होतो आणि विनिअर बसतं. जवसाचं तेल वापरणार असाल तर तेलकट फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा, मगच टाका.

घाटकोपरच्या त्या पेटीसारखी तळाची फळी फुगलेली असेल तर ती वाळून पूर्ववत होत नाही. ओळखीच्या सुताराकडून तेवढी फळी प्लायची बसवून घ्या, पण आतली लांबी-रुंदी-उंची तीच राहिली पाहिजे. आतल्या हवेचं आकारमान बदललं की खर्ज बदलतो. नक्षीच्या जुन्या पट्ट्या, पितळी पाय, जुळणारा साग हवा असेल तर जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात एक चक्कर मारा.

पुढचं कापड फाटलेलं असतंच. मंगलदास मार्केटमध्ये किंवा आपल्याच स्टेशनबाहेरच्या कापडवाल्याकडे बारीक विणीचं काळं किंवा तपकिरी कापड निवडताना एक गोष्ट करा: कापड ओठांना लावून फुंकर मारा. पलीकडे धरलेल्या तळव्यावर हवा सहज लागली तर कापड घ्या. हवा अडली तर ट्वीटरचा आवाजही अडेल.

सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोडला पर्याय नाही. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जाता येतं. घाटकोपर-मुलुंडकरांनी दादरला गाडी बदलावी. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी सकाळी जा. जुना कपॅसिटर खिशात घेऊन जा, तोंडी वर्णनापेक्षा ते सोपं पडतं. 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न, चांगलं सोल्डर, मल्टिमीटर आणि डीसोल्डरिंग पंप एवढी सामग्री एकदा घेतली की वर्षानुवर्षं पुरते. जोडीच विकत घ्यायची असेल तर चोर बाजारातली मटन स्ट्रीट आहे. तिथली नेहमीची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी सकाळी रस्त्यावर जुन्या मालाचा वेगळाच बाजार भरतो. सेल आणि मीटर सोबत न्या. दोन्ही पेट्यांच्या मागचा मॉडेल नंबर एकच आहे का आणि दोन्ही वूफर सारखे आहेत का, हे बघितल्याशिवाय भाव विचारू नका. एक सुटी पेटी कितीही देखणी असली तरी घेऊ नका, तिचा जोडीदार सहसा मिळत नाही.

जोडी तयार झाली की पहिला आठवडा हलक्या आवाजात वाजवा, नव्या रिंगला सैल व्हायला वेळ लागतो. जुने स्पीकर बहुधा थोडक्या ताकदीत भरपूर वाजतात, वीस-तीस वॅटचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर आपल्या वनबीएचकेला पुरून उरतो. मात्र छोट्या अ‍ॅम्प्लिफायरची कळ शेवटपर्यंत पिळू नका, आवाज फाटू लागला की सर्वात आधी ट्वीटर जळतो. पेट्या कोपऱ्यात कोंबल्या तर खर्ज घुमतो. भिंतीपासून वीत-दोन वीत पुढे आणि ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला येईल अशा ठेवा. तुम्ही आणि दोन्ही पेट्या मिळून साधारण समभुज त्रिकोण झाला तर गायक दोन पेट्यांच्या बरोबर मधे उभा राहिल्यासारखा ऐकू येतो.

तपासायला परदेशी चाचणीच्या सीडीची गरज नाही. पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांचं एखादं जुनं रेकॉर्डिंग लावा. पखवाजाचा डावा हात वूफरची परीक्षा घेतो, टाळ ट्वीटरची आणि त्या दोहोंच्या मधला आवाज अख्ख्या पेटीची. टाळ काचेसारखे टोचत असतील तर क्रॉसओव्हरकडे परत जा. पखवाजाची थाप एकाच सुरात ‘बूं’ करून घुमत असेल तर आधी पेटीची जागा बदला, मग गळती शोधा. आवाज छातीतून येण्याऐवजी नाकातून येतोय असं वाटलं तर सेल घेऊन दोन्ही वूफरची दिशा पुन्हा तपासा. जुन्या तबकड्यांचा नाद असलेल्यांना सांगायला हवं, की 1990 साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही हौशी संग्राहकांची संस्था सुरू झाली आणि तिने आपल्या नियतकालिकातून भारतीय ध्वनिमुद्रणांची मोलाची माहिती छापली आहे. तबकडी जपणारे बरेच आहेत. ती ज्यातून ऐकली जायची ते स्पीकर जपणारे मात्र त्या मानाने फार थोडे.

तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला असेल, किंवा शेजारच्या इमारतीत सामान हलतंय असं दिसलं, तर जिन्याखालच्या त्या दोन खोक्यांकडे एकदा थांबा. घरच्यांची परवानगी घ्या, खिशातून दीड व्होल्टचा सेल काढा आणि लाल खटक्यावर क्षणभर टेकवा. ‘टक’ ऐकू आलं तर भंगारवाल्याला फोन करू नका.